खेळाची कॅसेट आणि खेळाडूचें मत

पवनेच्या कांठचें पिंपळे गुरव हें गांव आज पाहणाऱ्याला गांव वाटत नाहीं. एका अंगास सांगवी, दुसऱ्या अंगास पिंपळे सौदागर, नदीपलीकडे दापोडी व कासारवाडी, आणि मधल्या शेतांच्या जागीं उंच इमारतींच्या रांगा, असें त्याचें सध्यांचें रूप आहे. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढच्या दशकांत मोटारींचे व स्कूटरींचे कारखाने आले, १९७० सालीं नगरपालिका व १९८२ सालीं महानगरपालिका झाली. हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. कारखान्याच्या भोंग्यामागून कामगाराच्या घरांत काय काय आलें, ह्याची नोंद मात्र फारशी कोणी केलेली नाहीं. सायकल आली, रेडिओ आला, शिवणयंत्र आलें. आणि १९८२ सालच्या दिल्लींतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास देशांत रंगीत चित्रांचें प्रक्षेपण सुरू झाल्यावर हळूहळू रंगीत टेलिव्हिजन आला. त्याच टेलिव्हिजनला पुढच्या दशकांत घरांतल्या मुलांनीं एक पेटी जोडली. तारांना बांधलेले दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक, आणि वरच्या खांचेंत दाबून बसवावयाची एक चौकोनी कॅसेट, एवढाच तिचा संसार होता.

ह्या पेटीवर खेळणारीं मुलें पुढें मोठीं झालीं, आणि खेळांविषयीं ठाम मतें बाळगणारा एक वर्ग महाराष्ट्रांत तयार झाला. कोणता खेळ विकत घ्यावा, कोणत्याच्या वाटेस जाऊं नये, परीक्षकानें दिलेले गुण खरे कीं खोटे, दुकानदारानें सांगितलेली किंमत वाजवी कीं लुबाडणुकीची, ह्यांवर ही मंडळी तासन् तास वाद घालतात. वडीलधाऱ्यांस हा वाद पोरकट वाटतो. पण ज्या समाजानें गायकनटांच्या तानांवरून नाटकगृहाच्या दारांत भांडणें केलीं, त्या समाजाला ह्या वादाचें नवल वाटण्याचें कारण नाहीं. मत कसें बनत गेलें हा इतिहासाचाच विषय आहे; आणि ह्या मताचा उगम शोधूं गेल्यास तो एका खोट्या लेबलापाशीं सांपडतो.

पेटी मूळची जपानची. क्योतो येथील निन्तेंदो ही पेढी १८८९ सालीं खेळण्याचे पत्ते तयार करण्यासाठीं निघालेली. तिनें १५ जुलै १९८३ रोजीं ‘फॅमिकॉम’ नांवाचें यंत्र बाजारांत आणलें. टेलिव्हिजनच्या पडद्यावर खेळ खेळण्याची कल्पना तेव्हां नवी राहिली नव्हती. राल्फ बेअर ह्या अमेरिकन इंजिनियराच्या कल्पनेंतून निघालेलें ‘ओडिसी’ हें यंत्र १९७२ सालींच विक्रीस आलें होतें, आणि त्याच वर्षीं अटारी कंपनीच्या ‘पाँग’नें उपाहारगृहांतून नाणीं गोळा करण्यास प्रारंभ केला होता. परंतु १९८३ सालीं अमेरिकेंत हा सगळा व्यापार कोसळला. घाईनें केलेल्या निकृष्ट खेळांनीं दुकानें भरून गेलीं. ग्राहक एकदां फसला, दोनदां फसला, आणि मग त्यानें दुकानांत पाऊल टाकणें सोडून दिलें. अटारीनें न खपलेला माल न्यू मेक्सिको प्रांतांतील अलामोगोर्डो येथें जमिनींत पुरला. पुष्कळ वर्षें ही दंतकथा समजली जात होती. एप्रिल २०१४ मध्यें तेथें खणून पाहिलें तेव्हां कॅसेटी खरोखरच वर आल्या. पुराणवस्तुसंशोधकांना मोहेंजोदडोंत जें समाधान लाभतें, तसलेंच कांहीं त्या दिवशीं जमलेल्या मंडळींस लाभलें असावें.

ह्या पडझडीचा धडा निन्तेंदोनें नीट गिरवला. अमेरिकेंत आपलें यंत्र नेतांना तिनें प्रत्येक मान्य खेळाच्या खोक्यावर दर्जाची मोहर छापली, आणि यंत्राच्या पोटांत असें कुलूप बसविलें कीं कंपनीची परवानगी नसलेली कॅसेट त्यांत चालूंच नये. परीक्षणाची कलाहि त्याच सुमारास वाढीस लागली. १९८१ सालीं अमेरिकेंत केवळ ह्या खेळांना वाहिलेलीं मासिकें निघालीं. १९८६ सालीं जपानांत ‘फामित्सू’ निघालें. त्यांतील प्रसिद्ध पद्धति अशी कीं चार परीक्षकांनीं प्रत्येकीं दहापैकीं गुण द्यावयाचे आणि चाळिसांपैकीं बेरीज छापावयाची. पूर्ण चाळीस गुण मिळविणारा पहिला खेळ १९९८ सालीं निघाला. तात्पर्य, परदेशांतील ग्राहकाच्या हातीं दोन आधार होते: खोक्यावरची मोहर आणि मासिकांतला आंकडा.

पिंपळे गुरवच्या मुलाच्या हातीं ह्यांपैकीं एकहि नव्हता. १९९१ पर्यंत परवान्यांच्या व जबर आयातकराच्या राज्यांत असलें खेळणें अधिकृत रीतीनें सामान्य घरांत येणें अशक्यप्राय होतें. आणि निर्बंध सैल झाल्यावरहि मूळ जपानी यंत्र सामान्यांच्या वांट्यास आलें नाहीं. आली ती त्याची नक्कल. जपानी फॅमिकॉमला अमेरिकन यंत्रासारखें कुलूप नसल्यानें त्याची नक्कल करणें सोपें होतें, आणि पूर्व आशियांतील कारखान्यांनीं ती मनसोक्त केली. हिंदुस्थानांत ‘मीडिया’, ‘समुराई’, ‘टर्मिनेटर’ अशा नांवांनीं हीं यंत्रें खपलीं. पुष्कळ घरांत तर यंत्राचें नांवहि कोणी घेत नसे. ‘टीव्ही गेम’ एवढें म्हटलें कीं काम भागे.

ह्या यंत्राबरोबर मिळणाऱ्या कॅसेटीवर एक आंकडा छापलेला असे. कधीं ‘९९९९ एकांत’, कधीं त्याच्याहि पुढें आणखी दोन नऊ. पडद्यावर यादी उमटे आणि मूल ती खालीं खालीं नेत बसे. यादी कांहीं संपत नसे. पण चार दिवसांत लबाडी ध्यानांत येई. पहिल्या क्रमांकाचा मारिओ आणि सत्ताविसाव्या क्रमांकाचा मारिओ एकच. फरक एवढाच कीं दुसऱ्यांत खेळ मधल्याच मुक्कामापासून सुरू होतो, किंवा नायकाच्या अंगरख्याचा रंग बदललेला असतो. हजारोंच्या यादींत निराळे खेळ हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघत. अलामोगोर्डोच्या खड्ड्यांत गेलेला माल वाईट होता हें खरें, पण त्याच्या लेबलावर निदान खोटा आंकडा नव्हता.

येथेंच मराठी मुलाच्या परीक्षणबुद्धीचा जन्म झाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं. त्याचा पहिला प्रश्न खेळ चांगला कीं वाईट असा नसे. ‘ह्यांत खरे किती?’ असा असे. गल्लींतल्या एकाद्या मुलाकडे नवी कॅसेट आली कीं बाकीचीं मुलें जमत, यादी तपासली जाई, आणि घंटाभरांत निकाल लागे. निकालाची भाषा त्रोटक असे. ‘चार आहेत, बाकी रिपीट.’ एवढ्या चार शब्दांत लेबलाचा निकाल, किमतीचा निकाल व दुकानदाराच्या इभ्रतीचा निकाल, तिन्ही लागत. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’, दोघांनीं मिळून खेळावयाचा ‘कॉन्ट्रा’, विटांच्या भिंती फोडीत फिरणारे रणगाडे, आणि बंदुकीनें बदकें टिपण्याचा ‘डक हंट’, हे त्या काळचे मान्यवर. त्यांची मान्यता कोणा मासिकानें ठरविली नव्हती. त्यांच्यासाठीं आपली पाळी येईपर्यंत मुलें ताटकळत बसत, हीच ती मान्यता.

बंदुकीची करामत तर मोठ्या माणसांनाहि कोडें वाटे. पडद्यांतील बदक बाहेरच्या बंदुकीनें पडतें कसें? वास्तविक बंदुकींतून कांहींच सुटत नसे. चाप ओढतांच पडदा क्षणमात्र काळा होई आणि बदकाच्या जागीं एक पांढरा चौकोन उमटे. बंदुकीच्या तोंडांत प्रकाश ओळखणारा एक लहानसा डोळा असे, त्याला तो पांढरा ठिपका दिसला तर नेम लागला, न दिसला तर चुकला. हें सगळें डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत उरके. जुन्या कांचेच्या फुगीर नळीच्या टेलिव्हिजनवरच हा हिशेब जमतो. नव्या सपाट पडद्यावर चित्र किंचित् उशिरां उमटतें, आणि ती बंदूक आंधळी होते.

कॅसेट विकणारा दुकानदार हा ह्या इतिहासांतील सर्वांत उपेक्षित पुरुष होय. पुण्याच्या बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली, फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनीं वसविलेला पिंपरी कॅम्पचा बाजार, मुंबईंत लॅमिंग्टन रोड (त्याचें अधिकृत नांव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण तें पत्र लिहितांनाच आठवतें) ही अशा व्यवहाराचीं ठिकाणें. विजेच्या वस्तूंच्या दुकानांत माळ्यावरून खोकें निघे, काउंटरवरील लहानशा टेलिव्हिजनला जोडलें जाई, आणि गिऱ्हाइकाच्या मुलाला दोन मिनिटें खेळूं दिलें जाई. त्या दोन मिनिटांत मुलानें मत बनवावयाचें आणि बापानें खिशांत हात घालावयाचा. खरेदीचा हा प्रकार अडाणी होता असें कोणास वाटेल. तथापि त्यांत एक गुण होता: विकणारा व घेणारा समोरासमोर उभे असत. कॅसेट दुसऱ्या दिवशीं बंद पडली तर मूल ती घेऊन त्याच काउंटरपुढें उभें राही. दुकानदार ती काढून तिच्या पितळी दांतांवरची धूळ पुसून देई, क्वचित् बदलूनहि देई. जुनी कॅसेट व वर थोडे पैसे घेऊन नवी देण्याची रीतहि पुष्कळ ठिकाणीं होती. लेबलावर विश्वास नव्हता, म्हणून माणसावर ठेवावा लागे; आणि तो माणूस दर शनिवारीं तेथेंच सांपडे.

ह्याला एक काळी बाजूहि होती. स्टँडाजवळच्या वा सिनेमागृहाशेजारच्या अंधाऱ्या खोल्यांत नाण्यांवर चालणारीं यंत्रें असत. त्यांतील कांहीं निखळ खेळाचीं, तर कांहीं खेळाच्या नांवाखालीं सरळ जुगाराचीं. ‘व्हिडिओ गेम पार्लर’ हे शब्द उच्चारले कीं मध्यमवर्गीय घरांत भिवया वर जात, त्या ह्याच कारणानें. १९९५ सालीं एम्. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें अशा सार्वजनिक यंत्रांवर परवान्याचें बंधन घालण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. निकाल यथायोग्यच होता. पण घरांत मारिओ खेळणारा मुलगा आणि पार्लरांत पैसे लावणारा इसम ह्यांना लोकमतानें एकाच दावणीला बांधलें, आणि मराठी वृत्तपत्रांतून ह्या खेळांचा उल्लेख व्हावयाचा तो बहुधा चिंतेच्या सुरांतच होत राहिला. नाटकाला, चित्रपटाला, संगीताला मराठींत परीक्षक लाभले. ह्या खेळाला पुष्कळ काळ केवळ उपदेशक लाभले.

नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धांत व्यवहार टेलिव्हिजनकडून संगणकाकडे सरकला. येथें एका खेळाचा विशेष उल्लेख करणें प्राप्त आहे, कारण पुण्याच्या दैवीं तो दोनदां आला. जॉर्डन मेकनर ह्या अमेरिकन तरुणानें १९८९ सालीं ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ रचला. नायकाचें धावणें, उडी मारणें, कठड्याला लोंबकळणें हें इतकें जिवंत वाटे कीं पाहणारा थक्क होई. मेकनरनें आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचें चित्रीकरण केलें होतें, आणि त्यावरून एकेक आकृति रेखाटली होती. राजकन्येला सोडविण्यास बरोबर एक तास. हा खेळ आपल्याकडे फ्लॉपीवरून फ्लॉपीवर उतरत हातोहात पसरला. पहिला मुक्काम ओलांडला कीं पुस्तिकेंतील अमक्या पानावरील अमक्या ओळींतील अक्षर निवडा, अशी अट त्यांत घातलेली होती; चोरून घेतलेल्या प्रतीबरोबर पुस्तिका कोठून येणार? मग अंदाजानें एकाद्या अक्षराची बाटली प्यावयाची आणि मरावयाचें. जगांतील किती खेळाडूंनीं निर्मात्याचा हक्क म्हणजे काय हें अशा रीतीनें प्रथम ओळखलें असेल, कोण जाणे.

त्यानंतर सायबर कॅफे आले. तासाला ठराविक पैसे, जोडलेले सात आठ संगणक, आणि समोरासमोर बसून ‘काउंटर-स्ट्राइक’मध्यें एकमेकांना टिपणारे मित्र. हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्यावर पिंपळे गुरव, सौदागर, सांगवी ह्या भागांत भाड्याच्या खोल्या घेऊन राहणाऱ्या तरुणांची गर्दी वाढली, तसतशी अशा कॅफेंना बरकत आली. तासावर पैसे मोजणारा खेळाडू फार कठोर परीक्षक असतो. पहिल्या दहा मिनिटांत खेळानें पकड घेतली नाहीं तर तो उठून दुसरा खेळ लावतो. तिसऱ्यांदा तो कोणी उघडला नाहीं कीं कॅफेवाला तो यंत्रांतून काढून टाकतो.

छापील परीक्षण महाराष्ट्रांत आलें तें इंग्रजींतून. मुंबईहून निघणाऱ्या ‘डिजिट’ ह्या मासिकाबरोबर चकत्या येत, आणि त्यांवर नव्या खेळांचे नमुने असत. त्याच घरांतून पुढें ‘स्कोर’ हें खेळांना वाहिलेलें प्रकाशन निघालें. नमुन्याची चकती ही परीक्षणापेक्षां मोलाची होती, असें त्या काळचे खेळाडू मानीत. परीक्षक दहापैकीं नऊ देवो कीं तीन. एक मुक्काम स्वतः खेळून पाहावयास मिळाला कीं दुसऱ्याच्या मताची गरज काय? शिवाय परीक्षकाला खेळ फुकट मिळतो, हा संशय मनांतून कधीं गेला नाहीं. फुकट जेवलेल्यानें स्वयंपाकाला नांवें ठेवणें कठीण, हें पंगतीला बसणाऱ्या समाजाला कोणी शिकवावें लागत नाहीं.

अधिकृत यंत्रें आणि अधिकृत दुकानें आलीं तीं ह्यानंतर. मायक्रोसॉफ्टचा ‘एक्सबॉक्स ३६०’ सप्टेंबर २००६ मध्यें हिंदुस्थानांत आला. सोनीचा ‘प्लेस्टेशन ३’ एप्रिल २००७ मध्यें आला, त्याची किंमत ३९,९९० रुपये. केवळ खेळांचीच विक्री करणारीं लखलखीत दुकानें मोठ्या शहरांच्या मॉलमध्यें उघडलीं. तेथें मोहर खरी होती, लेबल खरें होतें, पावती मिळत होती. किंमतहि खरी होती, आणि तींच अडचण झाली. एका खेळाची अस्सल चकती अडीच तीन हजारांस. फोर्टांतील वा लॅमिंग्टन रोडच्या पदपथावर नकली चकती दोन आंकड्यांत. ज्या घराचा महिना कारखान्याच्या ओव्हरटाइमवर पुरा होई, त्या घरांतील मुलाला नीतीचा पाठ देणें सोपें आहे. त्याच्या दृष्टीनें प्रश्न असा होता कीं तीन हजार रुपये देऊन घेतलेला खेळ वाईट निघाला तर ते परत कोण देणार? परदेशांतील खेळाडू वाईट खेळाविषयीं रागावतो तेव्हां त्याची एक संध्याकाळ गेलेली असते; येथील खेळाडूचा सहा महिन्यांचा सांठा गेलेला असतो. त्याच्या मतांतील कडवटपणाला कारण आहे तें हें. अशा घरांतून परीक्षण वाचण्याची संवय ह्याच काळांत लागली, आणि दुकानदाराकडे जुनी चकती देऊन दुसरी नेण्याची जुनी रीतहि नव्या दुकानांत पुन्हां चालूं झाली.

आतांपर्यंतच्या कथेंत मराठी माणूस गिऱ्हाईक आहे. २०२० सालीं पुणें पहिल्यांदाच आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें राहिलें, आणि तेंहि एकाच पावसाळ्यांत दोन वेळां.

पहिला खेळ ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’. पुण्यांतील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ ह्या लहानशा मंडळीनें तो केला. २०१७ सालीं लोकांकडून वर्गणी जमविण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. संस्थापकांपैकीं एकीनें आपला फ्लॅट विकून काम चालू ठेवल्याचें पुढें प्रसिद्ध झालें. राजी नांवाची कसरत करणारी मुलगी असुरांनीं पळविलेल्या आपल्या भावाचा, गोलूचा, शोध घेते. दुर्गा व विष्णु वरून तिची कथा सांगतात. मधले प्रसंग छायाबाहुल्यांनीं दाखविले आहेत, आणि वाडे, जाळ्या, पुष्करिणी राजस्थानी वळणाच्या आहेत. १८ ऑगस्ट २०२० रोजीं तो निन्तेंदोच्या यंत्रावर आला. योगायोग मोठा मौजेचा: ज्या कंपनीच्या यंत्राची नक्कल येथील मुलांनीं खेळली, तिच्याच अस्सल यंत्रावर पुण्याचा खेळ जगापुढें गेला. परदेशी परीक्षकांनीं चित्रांची व संगीताची मुक्तकंठानें स्तुति केली, झुंजींत सफाई नाहीं म्हणून दोष दिला, आणि कथा मध्येंच तुटते ह्याबद्दल तक्रार केली. वर्षअखेरच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्यें पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळासाठीं त्याचें नांव पांच नामांकनांत होतें. दोष यथार्थ होते. येथील खेळाडूंतहि ह्यावरून तट पडले. आपला म्हणून सांभाळून घ्यावा, असें एक पक्ष म्हणे. आपला म्हणूनच अधिक कठोर पारखावा, असें दुसरा. कॅसेटींतील खरे खेळ मोजणाऱ्या मुलांचे खरे वारस हे दुसऱ्या पक्षाचे लोक होत.

दुसरा खेळ तोच जुना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. फ्रेंच कंपनी युबिसॉफ्टनें २००८ सालीं पुण्यांत आपला स्टुडिओ सुरू केला होता. दुसरीकडच्या स्टुडिओंना हातभार लावणें हें तेथील मुख्य काम. १० सप्टेंबर २०२० रोजीं जाहीर झालें कीं ह्या मालिकेंतील २००३ सालच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ ह्या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ति पुणें व मुंबई येथील स्टुडिओ करीत आहेत. मोठ्या परदेशी खेळाची मुख्य जबाबदारी हिंदुस्थानी हातांवर सोंपविली गेल्यामुळें येथें अभिमानाची लाट उसळली. पण जाहिरातीचें चित्र पाहतांच जगभरचे खेळाडू तुटून पडले: चेहरे निर्जीव आहेत, उजेड चुकला आहे, सतरा वर्षांपूर्वीचाच खेळ बरा दिसत होता. खेळ विक्रीस येण्यापूर्वींच परीक्षण पुरें झालें. जानेवारी २०२१ ची तारीख मार्चवर गेली, मार्चची अनिश्चित झाली. मे २०२२ मध्यें काम पुणें-मुंबईकडून काढून कॅनडांतील माँट्रियलच्या स्टुडिओकडे देण्यांत आलें. आणि जानेवारी २०२६ मध्यें कंपनीनें तो खेळच रद्द केल्याचें जाहीर केलें.

ह्या घटनेकडे पुण्याचा खेळाडू कोणत्या नजरेनें पाहत असेल? त्याच्या इमारतींत, कदाचित् शेजारच्याच दारांत, असल्या कामावर राबणारा कोणी राहत असेल. दहापैकीं दोन गुण देणें सोपें असतें तोंवर, जोंवर गुण घेणारा लिफ्टमध्यें भेटत नाहीं. पण जें चित्र दाखविलें गेलें तें कच्चें होतें, हेंहि तितकेंच खरें. टीका रास्त होती. तींतला जो भाग ‘हिंदुस्थानी माणसांना हें काम कशास दिलें’ असा होता, तो मात्र टीकेच्या नांवाखालीं खपविलेला दुसराच माल होता. माँट्रियलच्या अनुभवी हातांनाहि तो खेळ तडीस नेतां आला नाहीं, ही गोष्ट तसें बोलणाऱ्यांनीं फारशी उच्चारलेली नाहीं.

ह्याच २०२० सालच्या सप्टेंबरच्या दुसऱ्या तारखेस ‘पबजी’ ह्या मोबाईलवरील खेळावर केंद्र सरकारनें बंदी घातली, आणि लक्षावधि मुलांचा फावल्या वेळचा उद्योग एका रात्रींत बंद झाला. ह्या खेळाला दुकान नव्हतें, कॅसेट नव्हती, किंमतहि नव्हती; म्हणून फिर्याद घेऊन जाण्यासाठीं काउंटरहि नव्हतें. नव्या नांवानें तो जुलै २०२१ मध्यें परत आला, जुलै २०२२ मध्यें पुन्हां गेला, मे २०२३ मध्यें पुन्हां आला. असले येणेंजाणें कॅसेटीला ठाऊक नव्हतें.

दुकानाची जागा आतां ज्या संगणकी पेढ्यांनीं घेतली आहे, त्यांतील ‘स्टीम’ ही सर्वांत मोठी. ती २००३ सालीं निघाली. नोव्हेंबर २०१३ पासून तिच्यावर खेळ विकत घेणाऱ्याला तेथेंच आपलें मत नोंदवितां येऊं लागलें. २०१५ सालीं तिनें खेळ दोन तासांहून कमी खेळला असल्यास दोन आठवड्यांच्या आंत पैसे परत करण्याची सोय केली, आणि त्याच वर्षीं किमती रुपयांत दाखविल्या. दोन तासांची ही मुभा म्हणजे काउंटरवरील दोन मिनिटांचें आणि कॅफेंतील भाड्याच्या तासाचेंच सुधारलेलें रूप होय. खेळाडूंच्या मतांचा ढीग तेथें इतका मोठा असतो कीं त्यांतून ‘चार आहेत, बाकी रिपीट’ म्हणणारा गल्लींतला मुलगा शोधून काढणें कठीण जातें. कित्येकदां खेळाशीं संबंध नसलेल्या रागानें हजारों लोक एकाच दिवशीं प्रतिकूल मतें नोंदवून ठेवतात. तरी एवढें खरें कीं मत देणाऱ्यानें तो खेळ किती तास खेळला, हें त्याच्या मताशेजारी दिसतें. नाट्यपरीक्षकांना ही अट लावली असती तर कित्येकांची पंचाईत झाली असती.

विकत घेतलेला खेळ आपला असतो काय, हा वाद आतां सर्वांत तापलेला आहे. युबिसॉफ्टनेंच ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजीं बंद केला. ज्यांनीं पुरे पैसे मोजले होते त्यांचाहि खेळ त्या दिवशीं निमाला, कारण त्याचा प्राण कंपनीच्या दूरच्या यंत्रांत होता. ह्यांतून युरोपांत खेळाडूंची मोठी चळवळ उभी राहिली, आणि २०२५ च्या जुलैंत तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियांत १ जानेवारी २०२५ पासून असा कायदा लागू झाला कीं असल्या पेढ्यांनीं ‘विकत घ्या’ म्हणतांना ग्राहकाला केवळ वापरण्याचा परवाना मिळतो, हें स्पष्ट सांगावें. लेबलावर खरें छापा, एवढीच ही मागणी. तपकीर गल्लीच्या काउंटरपुढें उभें राहिलेलें मूल हेंच म्हणत होतें.

पिंपळे गुरवच्या जुन्या घरांतून माळे आवरतांना अजून एकादी पेटी निघते. बंदूक नव्या टेलिव्हिजनपुढें कामाची नाहीं. रिमोटची तार कोठें तरी तुटलेली असते, ती जोडून घ्यावी लागते. कॅसेटीचे दांत स्पिरिटाच्या बोळ्यानें पुसून ती खांचेंत दाबली कीं पडदा एकदां थरथरतो, आणि यादी उमटते. पहिल्या क्रमांकावर मारिओ असतो, सत्ताविसाव्यावरहि तोच.